पलटणपुऱ्याची सतरंजी

महिन्याचा शेवटचा रविवार आला की पलटणपुऱ्याच्या बुद्धविहारात वंदना आटोपल्यावर वसुंधरा एक सतरंजी घालते. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली, तिच्या वडिलांनी महूच्या पलटणीतून सुटताना आणलेली. सतरंजी घालायची, आणि तिच्यावर कुणीच बसायचं नाही. लोक फरशीवर बसतात, तिला वळसा घालून जातात, एखाद्या पोरानं पाय ठेवला तर आई पाठीत धपाटा घालते. भाड्यानं राहायला आलेल्या एका सूनबाईनं एकदा विचारलं, "ताई, कोई आनेवाला है क्या?" तर सगळ्या बाया तिच्याकडे अशा बघायला लागल्या की बिचारी पुढचे दोन महिने विहारात फिरकली नाही.

येणारा होता ना. वीस वर्षं झाली, यायचा राहिला होता.

इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागाच्या पाठीमागे नाल्याला चिकटून दीडशे घरं, ती म्हणजे पलटणपुरा. पेन्शन घेऊन आलेल्या शिपाई-हवालदारांनी बांधलेली, म्हणून हे नाव. तिथलाच ज्ञानदीप. बावीस वर्षांपूर्वी तो आणि वसुंधरा एकाच सायकलवर खळीचा डबा टांगून भिंतीवर पोस्टरं चिकटवत हिंडायचे. वसुंधरा टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर बसायची, आणि हा पठ्ठ्या दुपारी फोन फिरवून विचारायचा, "मॅडम, पलटणपुऱ्यातल्या सगळ्यात रागीट बाईचा नंबर मिळेल का?" सुपरवायझर ऐकत असेल म्हणून ती दातओठ खाऊन म्हणायची, "असा नंबर उपलब्ध नाही." लग्न ठरल्यातच जमा होतं. फक्त तारीख काढायची बाकी होती.

तेवढ्यात मोठ्या पक्षाचं बोलावणं आलं. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीचं तिकीट. ज्ञानदीप म्हणाला, "वसू, बाहेर ओरडून ओरडून आपल्या आजोबांचे गळे बसले. आत जातो, आतून दार उघडतो."

"आत गेलेल्याला दार दिसत नाही," ती म्हणाली, "खुर्ची दिसते."

भांडण झालं. मोठं झालं. शेवटी वस्तीनं मध्यस्थी केली आणि ज्ञानदीपनंच नियम घातला: मी आपल्या मतांवर निवडून गेलो तर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहारात येऊन एकटा सतरंजीवर बसेन. ज्याला जे विचारायचं ते विचारा. सतरंजीवर बसून खोटं बोलायचं नाही. आणि माणूस नाही आला तरी सतरंजी घालायचीच, म्हणजे तो आला नाही हे सगळ्यांना दिसेल. नियम सगळ्यांना पटला. लग्नाचा विषय मात्र त्यानंतर कुणी काढला नाही. तिनं नाही, त्यानंही नाही. दोघंही अडेलतट्टू, दुसरं काय!

पहिली दोन वर्षं त्याचा एक रविवार चुकला नाही. वसुंधरा त्याला फाडून खायची. नळाला पाणी का नाही, शाळेचं छप्पर कुठं अडलं, अमक्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर तुझं थोबाड कशाला. तो हसत हसत उत्तरं द्यायचा. खरं सांगायचं तर महिनाभर ती त्या तासाची वाट बघायची. मग एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. पुढं त्यानं नागपूरची सुनंदा बायको करून आणली, विजय नगरला फ्लॅट घेतला, अनीश नावाचा मुलगा झाला. कधी पार्षद म्हणजे नगरसेवक, कधी पदाधिकारी, पण निगमच्या नियोजन समितीतून काही हलला नाही. चार वर्षांपूर्वी सुनंदा कॅन्सरनं गेली, तेव्हा वसुंधरा भेटायला गेली होती. दहा मिनिटं बसली, पाणी प्याली आणि उठली.

सतरंजी मात्र तिनं एकदाही चुकवली नाही. वस्तीत म्हणायचे, ताई गद्दाराची आठवण ठेवतात. ती म्हणू द्यायची.

तर परवाच्या मंगळवारी, भर दुपारी, दार वाजलं. दारात ज्ञानदीप. केस पांढरे, पोट सुटलेलं, कपाळावर घाम. गाडी लांब चौकात ठेवून चालत आला होता.

"जय भीम," तो म्हणाला.

"जय भीम," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "चपला आत काढ. बाहेर कुत्री पळवतात."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. तिनं चहा ठेवला. ओट्याकडे तोंड केल्यावर तिला कळलं की आपण साखर दोनदा घातली. तिला स्वतःचाच राग आला. सत्तावन्न वर्षांची बाई, व्हीआरएस घेऊन घरी बसलेली, आणि हे काय पोरकटासारखं!

चहा पुढ्यात आला तसा त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "वाच."

राजीनामा होता. पक्षाचा, समितीचा, सगळ्याचा. सही केलेली. तारखेची जागा तेवढी कोरी.

"गुरुवारी सभागृहात कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "नाल्याच्या सुशोभीकरणाचा. मला स्टेजवरून बोलायचंय, की पलटणपुऱ्याचे लोक राजीखुशीनं शहराबाहेरच्या फ्लॅटमधे जायला तयार आहेत. माझ्या तोंडून पाहिजे पक्षाला. आपला माणूस बोलला की विषय संपला. वसू, माझ्यानं नाही होणार. पुष्कळ गिळलं, हे नाही गिळवत. वरच्या गल्लीतली बाबांची खोली अजून माझ्या नावावर आहे. अनीश पुण्याला इंजिनिअरिंगला, मला इथं कोण आहे? येतो परत. तुमच्या मोर्चात मागं उभा राहीन. तू म्हणशील ती तारीख टाकतो."

वसुंधरानं कागद पुन्हा वाचला. मग आणखी एकदा. उगाच कशाला झाकायचं, तिला आनंद झाला. छातीत मावेना इतका झाला. वरची गल्ली म्हणजे तिच्या दारापासून चाळीस पावलं. सकाळी पेपर घेऊन येईल, पोहे झालेत का विचारील, भांडेल. या वयात लोक काय म्हणतील? म्हणू देत मेले! लोकांनी आजवर काय कमी म्हटलंय? बावीस वर्षं तिला हेच तर हवं होतं, की यानं एक दिवस यावं आणि म्हणावं, वसू, तू बरोबर होतीस.

"म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"मी बरोबर होते म्हण."

तो हसला. तेच हसू, नुसते दात तेवढे बदललेले. "अर्धी," तो म्हणाला.

"अर्धी म्हणजे?"

"वीस वर्षांपूर्वी निगमची जेसीबी आली होती, आठवतं?"

"आठवतं म्हणजे! मी आडवी पडले होते तिच्यापुढं. दरवर्षी पोरांना सांगते."

"परत का गेली जेसीबी?"

"मी आडवी पडले म्हणून!"

"तू आडवी पडलीस म्हणून ती तासभर थांबली. त्या तासात मी फाईलवर शेरा मारला, नकाशा जोडलेला नाही. नकाशा यायला दोन वर्षं लागली. मग मी लिहिलं, सर्व्हे नंबर जुळत नाही. मग नाल्याची हद्द पुन्हा मोजा. मग पलटणीच्या पेन्शनरांची यादी मागवा. वसू, आत बसून मला 'नाही' कधीच म्हणता आलं नाही. 'आत्ता नाही' म्हणता येत होतं. तेवढंच म्हणत आलो."

वसुंधरानं हातातला कप खाली ठेवला. वीस वर्षं ती ज्या पराक्रमावर जगली, तो अर्धा या माणसाचा होता आणि यानं हूं की चूं केलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस मेल्या?"

"सांगितलं असतं तर तू त्याच रविवारी विहारात सांगितलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी मला समितीतून काढला असता."

"आणि सतरंजी?"

त्यानं कप बाजूला सारला. "सतरंजीवर खोटं बोलायचं नाही, हा नियम मीच केलेला. तू पहिलाच प्रश्न विचारला असतास, फाईल कुठाय? काय सांगणार होतो? खरं सांगितलं तर वस्ती जाते, खोटं सांगितलं तर मी जातो. म्हणून आलोच नाही. लोक म्हणाले गद्दार, म्हटलं असू दे." मग म्हणाला, "पण अर्धी तूही बरोबर होतीस. बाहेर तू नसतीस तर माझा एक शेरा चालला नसता. दर वेळेला मी साहेबांना सांगायचो, बाहेर वसुंधराबाई शंभर बाया घेऊन बसल्यात, आज नको सर."

तिला रडू आलं ते तिनं पदरानं टिपून टाकलं. म्हणजे ते दोघं वीस वर्षं एकच काम करत होते. एक गेटाच्या आत, एक गेटाच्या बाहेर. आणि एकमेकांना शिव्या घालत होते. निदान ती तरी घालत होती.

मग चौकशीच्या टेबलावर तीस वर्षं काढलेल्या बाईनं विचारायचं तेच विचारलं. "तू सुटलास तर तुझ्या जागी कोण येणार?"

"रघुवीर."

रघुवीर तिला ठाऊक होता. पक्षाचा नवा चेहरा, मोठमोठाल्या बिल्डरांबरोबर उठबस. हा माणूस शेरा मारणाऱ्यातला नव्हता, सही ठोकणाऱ्यातला होता. महिनाभरात दीडशे घरं भुईसपाट केली असती.

"आणि प्रीतीची केस?" ज्ञानदीपनं विचारलं. प्रीती म्हणजे वस्तीतलीच पोर, वकील झालेली. जमिनीचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, घरांच्या नावावर व्हावेत म्हणून तिनं हायकोर्टात अर्ज केला होता.

"दोन वर्षं तरी लागतील म्हणते. तोवर घरं उभी राहिली पाहिजेत. घरच नसलं तर पट्टा कशाचा मागणार?"

बाहेर कचऱ्याची गाडी तिचं गाणं वाजवत येऊन गेली. वसुंधराला कळत होतं काय म्हणायचं ते, पण जीभ उचलत नव्हती. टेबलावर तो कागद होता. पेन तिच्या चष्म्याच्या घरात होतं. नुसती तारीख टाकायची, की चाळीस पावलांवर माणूस. देवदानव न मानणारी ती बाई, पण त्या घटकेला तिला वाटलं, कुणीतरी यावं आणि आपल्याला 'टाक तारीख' म्हणावं. कोण येणार? घरात भांडी होती आणि तो होता.

"बोल मग," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"गुरुवारी. स्टेजवर. तयार आहेत म्हण लोक. पण तुझा तो शेरा असेल ना, तो मार त्याला."

ज्ञानदीपनं मान वर केली. "पात्र कुटुंबांची यादी पक्की झाल्याशिवाय एकाही घराला हात लावू नये," तो सावकाश म्हणाला. "यादी माझ्या देखरेखीखाली. दीडशे घरं, चार-चार पिढ्या, कुणाचा दाखला महूला तर कुणाचा अकोल्याला. आरामात दोन वर्षं जातील. पण वसू, वस्ती मला जिवंत सोडणार नाही. पेपरमधे पहिल्या पानावर येईल."

"येऊ दे."

"तूही त्यांना काही सांगायचं नाहीस."

"नाही सांगणार."

"तुझ्या पोटात राहील?"

"राहील," ती म्हणाली. "आणि या रविवारी ये. शेवटचा रविवार आहे."

"शिव्या खायला?"

"हो. रघुवीरला तुझ्यावर संशय असणारच. त्याच्या माणसानं मोबाईलवर बघू दे, वस्ती तुझ्या अंगावर कशी धावते ते. म्हणजे समितीतली तुझी जागा पक्की." हे कारण खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे? महिन्यातून एक तास तरी हा माणूस समोर बसेल, एवढंच तिनं स्वतःसाठी मागून घेतलं.

त्यानं कागदाकडे हात नेला. तिनं तो आधीच उचलला. "हा माझ्याकडे राहू दे. केसचा निकाल लागला की तारीख मी टाकीन." आणि तिनं तो बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवला, ज्यात तिची सुई-दोरा आणि बटणं असायची.

चप्पल घालताना त्याचा तोल गेला. तिनं दंड धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग तो गेला, आणि तिनं दोन्ही कप विसळले.

शुक्रवारी पेपरात आलं. पहिल्या पानावर नाही, तिसऱ्या, पण फोटोसकट: "पलटणपुरा स्थलांतराला तयार." वस्ती पेटली. पोरांनी नाल्याच्या पुलावर त्याचा पुतळा जाळला. प्रीती वसुंधराच्या घरी येऊन ढसाढसा रडली. "ताई, माझे आबा सांगायचे, हा माणूस सायकलवर पोस्टरं लावत फिरायचा. ऐसा कैसे हो जाता है आदमी?" वसुंधरानं तिला पाणी दिलं. तोंडापर्यंत आलेलं सगळं त्या पाण्याच्या तांब्याबरोबर परत ठेवलं.

रविवारी विहार भरून वाहत होता. तो आला. एकटा. दारात गलका झाला, कुणीतरी "निकल यहाँ से!" ओरडलं, पण वंदना सुरू झाली आणि सगळे हात जोडून उभे राहिले. तोही राहिला. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी..." शंभर गळ्यांमधे वसुंधराला त्याचा आवाज बरोबर सापडला. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून आवाजावरून माणसं ओळखलेली. बाकी सगळं त्यानं स्वच्छ म्हटलं. ते एक शील म्हणताना आवाज आत ओढला गेला.

तिनं सतरंजी अंथरली. तो गुडघे धरून हळूहळू खाली बसला. दाराशी एक अनोळखी पोरगा मोबाईल उंच धरून उभा होता.

प्रीतीनं पहिला प्रश्न विचारला. "आम्ही तयार आहोत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लोकांनी."

"कोणत्या लोकांनी? नाव सांगा!"

त्यानं नजर चुकवली. ऐंशी वर्षांचे रामभाऊ, ज्यांनी त्याला लहानपणी लेझीम शिकवली होती, ते उठले आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. ते बघून त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. एवढं एक त्याला सोसलं नाही, ते वसुंधराला दिसलं.

"आणि फाईल?" प्रीती ओरडली. "आमची फाईल कुणाकडे आहे?"

वीस वर्षं चुकवलेला प्रश्न. ज्ञानदीपनं सतरंजीच्या ठिगळावर हात ठेवला, वसुंधराकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, "मला माहीत नाही."

"दलाल!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. एका बाईनं चप्पल उचलली, दुसरीनं तिचा हात धरला. तो बसून राहिला. जे यायचं ते अंगावर येऊ देत राहिला. वसुंधराला वाटलं उठावं, त्याच्यापुढं आडवं पडावं, जशी जेसीबीपुढं पडली होती. ती उठली नाही. नखं तळहातात रुतवून बसली.

शेवटचा प्रश्न सतरंजी घालणाऱ्याचा, ही रीत. सगळे तिच्याकडे वळले. ताई आता याची सालटी काढणार, म्हणून गलका थांबला.

"पुढच्या महिन्यात येशील का," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा कडक आवाजात विचारलं, "की पुन्हा वीस वर्षं तोंड लपवशील?"

"येईन," तो म्हणाला. "दर महिन्याला येईन."

त्या सतरंजीवर त्या दिवशी तेवढं एकच खरं बोललं गेलं, आणि ते दोघांनाच कळलं. तो उठला. गर्दीनं वाट दिली ती अंग चोरून, विटाळ झाल्यासारखी. ज्या वस्तीनं विटाळ म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या भोगलं, त्या वस्तीनं. मोबाईलवाला पोरगा त्याच्यामागोमाग निघून गेला.

विहार रिकामा झाला तशी प्रीती सतरंजी गोळा करायला लागली. "ताई, ही आता नाल्यात फेकू. याच्यावर बसून तो खोटं बोलला. नियमच मोडला."

"ठेव ती," वसुंधरा म्हणाली. "एक ठिगळ सुटलंय. घरी नेऊन शिवते."

"कशाला पण?"

"पुढच्या महिन्यात घालायचीय."

प्रीती तिच्याकडे रागानं बघत राहिली आणि पाय आपटत निघून गेली. पोरीचं काय चुकलं? तिच्या जागी वसुंधरा असती तर तिनंही हेच केलं असतं, केलंच होतं. वसुंधरानं सतरंजी काखेला मारली, घरी आली, चष्मा लावला आणि सुई काढायला बिस्किटांचा डबा उघडला. वरच तो कागद होता. सही त्याची, तारीख कोरी. तिनं तो उचलला, क्षणभर गालाला लावला, बाजूला ठेवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे दोरा काही केल्या जाईना. तिसऱ्या खेपेला गेला.